वाचकांचे प्रश्न : नदीकाठी कारखाना येतोय, अहवाल कोण तपासणार?

शहापूर, मुरबाड, ठाणे शहर आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतले प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक ठिकाणी वाद चालू आहेत, म्हणून पत्रलेखकांची आणि पाड्यांची नावं छापलेली नाहीत.

आमच्या पाड्यांच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी रसायनांचा कारखाना होणार आहे. जनसुनावणीची नोटीस लागली आहे. कारखान्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल सहाशे पानांचा आणि इंग्रजीत. ग्रामपंचायतीत फक्त दहा पानी मराठी गोषवारा ठेवलाय. हातात तीन-साडेतीन आठवडे आहेत. सुरुवात कुठून करायची?
— एक शिक्षक, शहापूर तालुका

गोषवाऱ्यावरून हरकत लिहू नका. तो दहा ए-फोर पानांपेक्षा मोठा नसावा असं नियमातच आहे, त्यामुळे तुमच्या ओढ्याबद्दल त्यात दोन-चार ओळींपलीकडे काही मिळणार नाही. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात कामाच्या वेळेत कोणालाही बघता येतो. अशा अहवालांचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ते बंधनकारक केलंय. त्याच दिवशी पर्यावरण मंजुरीच्या केंद्रीय ‘परिवेश’ पोर्टलवरून आणखी दोन कागद उतरवून घ्या : कंपनीचा मूळ अर्ज आणि ‘टीओआर’चं पत्र. कशाकशाचा अभ्यास करायचा हे त्या पत्रात मुद्देवार सांगितलेलं असतं. प्रत्येक मुद्द्यासमोर अहवालातलं पान लिहीत जा. ज्याच्यासमोर पान सापडत नाही, ती तुमची पहिली हरकत.

सहाशे पानं क्रमाने वाचत बसू नका. प्रकरणांचा क्रम अधिसूचनेनेच ठरवलाय. दुसऱ्या प्रकरणात प्रकल्पाची माहिती असते, तिसऱ्यात परिसराची सध्याची स्थिती, चौथ्यात परिणाम, पाचव्यात पर्यायांचा विचार, बाराव्यात अहवाल करणाऱ्या सल्लागारांची माहिती. गावातल्या शिकलेल्या चार-पाच मुलामुलींत ही पाच प्रकरणं वाटून द्या.

तिसऱ्या प्रकरणात आधी पाण्याचे नमुने आणि मासे-वनस्पतींची पाहणी कोणत्या महिन्यांत झाली ते बघा. बहुतेक उद्योगांना पावसाळा सोडून एकाच हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची माहिती पुरते. ठाणे जिल्ह्यातल्या नद्यांच्या बाबतीत इथेच सगळं घसरतं. पहिल्या दमदार पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांच्या बांधांपर्यंत वर चढतात. त्या वलगणीवर कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबांची पावसाच्या तोंडावरची चूल चालते, आणि पुढच्या वर्षीचा मासा तिथेच जन्माला येतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाहणी करून गेलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. मग अहवालात सात-आठ माशांची यादी येते आणि खाली ‘दुर्मीळ प्रजाती आढळली नाही’ अशी ओळ. तुमची हरकत अशी हवी : अमुक पानावरची पाहणी अमुक महिन्यांतली आहे, या ओढ्यात मासे जूनमध्ये अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणापर्यंत चढतात, सोबत माशांची यादी, जागांचा नकाशा आणि जाणत्यांची निवेदनं जोडली आहेत, पावसाळ्यातली पाहणी झाल्याशिवाय अहवाल पूर्ण धरू नये.

नमुने घेतल्याच्या जागांचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या नकाशात टाकून बघा. एखादी जागा प्रवाहाच्या भलत्याच फाट्यावर निघते, एखादी शेतात. अभ्यासाचं वर्तुळ सहसा १० किलोमीटर त्रिज्येचं असतं, पण नदी वर्तुळात थांबत नाही. काळू टिटवाळ्यावरून उल्हासला मिळते आणि उल्हास वसईच्या खाडीला. सांडपाणी, गळती, अपघात यांचा विचार प्रवाहाबरोबर खाली कुठवर केलाय, तेवढं विचारा.

मग पाण्याचा ताळेबंद. दुसऱ्या प्रकरणात रोज किती पाणी घेणार, किती वाफ होणार, किती उत्पादनात जाणार, किती सांडपाणी निघणार याचं कोष्टक असतं. बेरीज स्वतः करा. घेतलेलं पाणी आणि गेलेलं पाणी जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर उरलेलं पाणी कुठे जातं हा साधा आणि फार जड प्रश्न आहे. ‘शून्य विसर्ग’ लिहिलं असेल तर पावसाळ्यात आवारातून वाहणारं पाणी कुठे जाईल, आणि सांडपाणी आटवायची यंत्रणा बंद पडली तर ते किती दिवस साठवायची सोय आहे, हे विचारा.

ओढ्याचं उन्हाळ्यातलं पाणी तुम्हीच मोजू शकता. दहा मीटरचा सरळ पट्टा निवडा. तीन ठिकाणी रुंदी मोजा, प्रत्येक ठिकाणी काठीने चार-पाच वेळा खोली घ्या, सरासरी काढा. वरच्या टोकाला संत्रं सोडा. ते जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. खालच्या टोकाला यायला लागलेली सेकंदं मोजा, असं पाच वेळा करा. समजा रुंदी अडीच मीटर, खोली १५ सेंटिमीटर आणि दहा मीटरला ५० सेकंद लागले. म्हणजे ०.३७५ चौरस मीटर गुणिले सेकंदाला ०.२ मीटर. तळाशी पाणी हळू वाहतं म्हणून या गुणाकाराला आणखी ०.८ ने गुणा. उत्तर सेकंदाला ६० लिटर. कंपनी रोज २,००० घनमीटर पाणी उचलणार असेल तर ते सेकंदाला २३ लिटर होतं, म्हणजे त्या ओढ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. अहवालात वर्षाची सरासरी दिलेली असते आणि तिच्यात पावसाळ्याचा पूर मिसळलेला असतो, म्हणून हा आकडा तिथे दिसत नाही. मोजणी एप्रिल-मेची असावी. तारीख, वेळ आणि फोटो ठेवा.

हरकती लेखी द्या, पोच घ्या. ‘पर्यावरणाचा नाश होईल’ एवढंच लिहिलं तर कंपनी ‘आवश्यक ती काळजी घेतली जाईल’ असं उत्तर देऊन मोकळी होते. पान क्रमांक दिला की नेमकं उत्तर द्यावं लागतं, आणि ते अंतिम अहवालात यावं लागतं.

सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे बहिष्काराने ती थांबत नाही. तुमचं म्हणणं तेवढं नोंदीबाहेर राहतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असला पाहिजे. कामकाजाचं चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवून त्याच दिवशी सही करायची असते. बोलून झालं की लोक गाड्या पकडायला निघतात, आणि वाचन रिकाम्या खुर्च्यांपुढे होतं. निदान दहा-बारा जणांनी शेवटपर्यंत थांबा. बायकांनी पाणवठ्याबद्दल सांगितलेलं इतिवृत्तात आलं का ते ऐका, नसेल तर तिथल्या तिथे घालायला लावा.

नोटीस ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीची असेल किंवा मराठी गोषवारा ठेवलेला नसेल, तर सुनावणीच्या दिवसाची वाट न बघता आजच जिल्हाधिकारी आणि मंडळाला लेखी कळवा.

अहवाल करणाऱ्या संस्थेला पैसे कंपनीच देते. मग तो निःपक्ष कसा? स्वतंत्र तपासणी कायद्याने मागता येते का? आम्ही शहरात राहणारे, आम्हाला बोलायचा अधिकार आहे का?
— निवृत्त अभियंता, ठाणे

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर ‘हो’ आहे. तोंडी सुनावणी स्थानिक बाधितांसाठी असते. पण ज्याचा विषयाशी रास्त संबंध आहे असा कोणीही मंडळाकडे लेखी म्हणणं देऊ शकतो. जलविज्ञान, रसायन अभियांत्रिकी, मत्स्यशास्त्र जाणणारी माणसं ठाण्यात भरपूर आहेत. अशा तिघा-चौघांनी अहवालाचं एकेक प्रकरण तपासून सही-शिक्क्यासह टिपण दिलं, तर प्रकल्पाची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीला ते विचारात घ्यावं लागतं. पाड्यावरच्या माणसाला ओढा माहीत असतो, तुम्हाला कोष्टक वाचता येतं. दोघांनी एकत्र बसून टिपण करा, आणि ते मराठीत ग्रामसभेपुढे वाचून मगच पाठवा.

कंपनीच्या पैशाने झालेल्या अहवालाची दुसऱ्या स्वतंत्र संस्थेकडून तपासणी व्हावी अशी सक्ती आपल्या कायद्यात नाही. सल्लागार संस्थेला ‘नॅबेट’ या राष्ट्रीय मंडळाची मान्यता लागते एवढीच गाळणी आहे. बाराव्या प्रकरणातली तज्ज्ञांची नावं आणि विषय नॅबेटच्या यादीशी ताडून बघा. या प्रकारच्या उद्योगाची मान्यता संस्थेला अहवालाच्या तारखेला होती का, तेही. पुढे राज्याची किंवा केंद्राची तज्ज्ञ समिती छाननी करते, पण तिच्यासमोर मुख्यतः कागद असतात. समितीकडे स्थळपाहणीची मागणी करता येते, आणि ती जरूर करावी.

खरी स्वतंत्र तपासणी कशी असते याचा नमुना आपल्याच राज्याशी जोडलेला आहे. सरदार सरोवराला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा नेमला. थॉमस बर्जर उपाध्यक्ष होते. १९७० च्या दशकात कॅनडात मॅकेन्झी खोऱ्यातल्या गॅसवाहिनीची चौकशी करताना ते आदिवासींच्या वस्त्यावस्त्यांत जाऊन बसले होते, आणि त्यांनी ते काम दहा वर्षं लांबवावं अशी शिफारस केली होती. मोर्स समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला. अक्कलकुवा-अक्राणीसह तिन्ही राज्यांतल्या बाधितांचं पुनर्वसन आणि पर्यावरणाचे अभ्यास अपुरे आहेत, बँकेने मागे सरून पुन्हा विचार करावा, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. १९९३ मध्ये उरलेल्या कर्जाचा विषय संपला. धरण पुढे झालंच, पण बँकेला त्याच वर्षी कायमचं तपासणी मंडळ नेमावं लागलं.

कोणी ‘स्वतंत्र समिती नेमतो’ म्हटलं की चार गोष्टी लेखी मागा. सदस्य निवडताना ग्रामसभांचं मत घेतलं जाईल का? पैसे कंपनीकडून थेट येणार की मधल्या खात्यातून? मूळ नोंदी, म्हणजे प्रयोगशाळेच्या वह्या आणि कच्चे आकडे, समितीला मिळणार का? आणि अहवाल कंपनीला आधी न दाखवता प्रसिद्ध होणार का? शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर त्या समितीला स्वतंत्र म्हणू नका.

आमची जमीन सातबाऱ्यावर आहे, पण नदी कोणाच्याच नावावर नाही. वाडवडील त्याच डोहात मासे धरत आलेत. अधिकारी म्हणतात, तुमचा हक्क दाखवा. काय दाखवायचं?
— मुरबाड तालुका

वनहक्क कायदा, २००६. कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पादनं हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. कलम ५ ग्रामसभेला पाणलोट आणि जलस्रोत राखायचा अधिकार देतं. नदीचा जो भाग वनजमिनीतून जातो, तिथे हे लागू होतं. खासगी किंवा महसुली जमिनीतल्या पट्ट्याला ते थेट लागू होत नाही, म्हणून आधी वनविभागाच्या नकाशावर डोह कुठे पडतो ते पक्कं करा.

सामूहिक हक्कासाठी नमुना ‘ख’ आणि सामूहिक वनसंसाधनासाठी नमुना ‘ग’ भरायचा असतो. दोन्ही भरा. नुसता ‘ख’ भरला तर वापराचा हक्क मिळतो, राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा राहून जातो. दावा वनहक्क समितीकडे, तिच्या पडताळणीनंतर ग्रामसभेत ठराव, मग प्रांतांची उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची समिती. ठरावाच्या सभेला निम्मे सभासद हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. बरेच दावे इथेच पडतात : हजेरीवहीत बायकांच्या सह्या-अंगठे नसतात. दावा फेटाळला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागा.

पुरावे एकाहून जास्त प्रकारचे लागतात. नियम १३ मध्ये मासेमारीच्या जागा, पाण्याचे स्रोत, पवित्र डोह आणि नदीचे भाग, दफन-दहनभूमी ही नावं घेऊनच सांगितली आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन चालतं. सरकारी गॅझेटिअर चालतं. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटिअर ऑनलाइन आहे. सगळ्यात उपयोगी पडते ती महिनेवार नोंद. मरळ, शिंगटी, वाम, खेकडे कोणत्या महिन्यात, कोणत्या डोहात, पागाने की बांबूच्या सापळ्याने की हाताने. कोणता डोह उन्हाळ्यात राखून ठेवतात. कोणत्या वाटेने पाण्यावर जातात. प्रत्येक डोहाचं तुमच्या बोलीतलं नाव लिहा आणि फोटोवर ठिकाणाचे आकडे येऊ द्या. हीच वही जनसुनावणीत आणि हरित न्यायाधिकरणातही कामाला येते.

तुमचं गाव मुरबाडच्या अनुसूचित गावांत आहे का ते तपासा. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित आहे, मुरबाड आणि भिवंडीतली काही गावंच आहेत. असेल तर पेसा कायद्याचं, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभा-पंचायतींना अधिकार देणाऱ्या कायद्याचं बळही मिळतं : भूसंपादनाआधी सल्लामसलत बंधनकारक, आणि लहान जलसाठ्यांचं व्यवस्थापन पंचायतीकडे. कातकरी समाज विशेष असुरक्षित आदिम गटात मोडतो, त्यामुळे त्यांना अधिवासाचा हक्क वेगळा मागता येतो.

ग्रामसभेच्या शब्दाला किती वजन आहे, हे नियमगिरीच्या निकालाने ठरलं. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. आणखी एक : आदिवासींच्या जमिनीवरच्या किंवा पाण्यावरच्या हक्काच्या उपभोगात बेकायदा अडथळा आणणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पाणवठ्याची वाट कुंपण घालून अडवली तर हे कलम तक्रारीत लिहा.

कारखाना एमआयडीसीत आहे म्हणून जनसुनावणी होत नाही म्हणतात. आम्ही कोळी, आदिवासी दाखला नाही. खाडीत चिवणी-निवटी कमी होत चालली आहे. आमचं कोण ऐकणार?
— नवी मुंबई

मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, हे खरं. पण कागदांतून सूट नाही. पर्यावरण मंजुरी असलेल्या प्रकल्पाने दर १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यायचा असतो, तो सार्वजनिक असतो. दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र जातं. मंडळाच्या संमतिपत्रात रोज किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. वसाहतीतल्या सगळ्या संमतिपत्रांतल्या सांडपाण्याची बेरीज करा आणि सामाईक प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेशी लावून बघा. बेरीज मोठी निघाली तर जास्तीचं पाणी कुठे जातं, याचं उत्तर मंडळाला द्यावंच लागेल.

नवीन प्रकल्पाच्या अर्जात १५ किलोमीटरच्या आतली संरक्षित आणि संवेदनशील ठिकाणं सांगावी लागतात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. अर्जात ती नसेल तर ते माहिती लपवणं आहे, आणि चुकीची माहिती हे अर्ज फेटाळण्याचं, दिलेली मंजुरी रद्द करण्याचंही कारण आहे.

नुकसानभरपाईसाठी आदिवासी दाखला लागत नाही. २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायचा आदेश केला होता, तो उपजीविका बुडाल्याबद्दल. त्यासाठी होडीची नोंदणी, सोसायटीचं सभासदत्व, डिझेलच्या आणि विक्रीच्या पावत्या आजपासून जपा. ज्या बायका हाताने निवटी धरतात, शिंपल्या वेचतात, त्यांच्याकडे यातला एकही कागद नसतो. त्यांची नावं, वस्ती आणि रोजची मिळकत सोसायटीच्या ठरावात लिहून घ्या, नाहीतर भरपाईच्या यादीत त्या येणारच नाहीत.

नदीचं पाणी बाटलीत भरून तपासून घेतलं तर पुरावा होतो का?
— भिवंडी तालुका

कंपनीवर खटला भरायला होत नाही. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, कारखान्याला नोटीस देऊन, नमुना घ्यायचा असतो. पण अहवालातल्या आकड्यावर शंका घ्यायला आणि मंडळाला पंचनाम्यासह संयुक्त नमुना घ्यायला लावायला तुमची तपासणी पुरते. अट एवढीच की ती नीट केलेली हवी.

मिनरल वॉटरच्या जुन्या बाटल्या नकोत. नॅबल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून बाटल्या आणि त्यांत घालायची रसायनं आधी आणा. धातू तपासायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, सीओडीच्या (पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन) बाटलीत गंधकाम्ल. बीओडीच्या (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) बाटलीत काहीच नाही, फक्त बर्फ, आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळा. विरघळलेला ऑक्सिजन घरी नेऊन मोजता येत नाही, तो काठावरच रसायन घालून स्थिर करावा लागतो. बाटली पाण्याखाली तिरपी धरून भरा, हवेचा बुडबुडा राहिला की आकडा खोटा येतो. पहाटे मोजा. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे मरू घातलेली नदीही दुपारी बरी दिसते. माशांसाठी केंद्रीय मंडळाचा निकष लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ६.५ ते ८.५ पीएच असा आहे.

एक नमुना नाल्याच्या तोंडाच्या वर आणि एक खाली, हे नेहमी. खालचाच घेतला तर ‘पाणी वरूनच घाण येतं’ हे उत्तर ठरलेलं.

पर्यावरण मंजुरी मिळाली असं परवा कळलं. आता काही करता येतं?
— शहापूर तालुका

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात, कलम १६ खाली अपील. मुदत मंजुरी कळवल्यापासून ३० दिवस. सबळ कारण असेल तर आणखी ६०, त्यानंतर उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणालाही नाही. दिवस तुम्हाला कळल्यापासून मोजू नका. मंजुरीपत्र पोर्टलवर पहिल्यांदा कधी चढलं ती तारीख काढा आणि तिथून मोजा. भरपाई मागायची नसेल तर फी १,००० रुपये.

अपिलाला जोडायला मंजुरीपत्र, अंतिम अहवाल, सुनावणीचं इतिवृत्त, तुमच्या हरकतीची पोच आणि तज्ज्ञ समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लागतं. शेवटचा कागद नीट वाचा. लोकांच्या हरकतींवर समितीने काय विचार केला हे त्यात दिसलं पाहिजे. ‘हरकतींची नोंद घेतली’ एवढीच ओळ असेल आणि तुमच्या पोचीवर पान क्रमांकासह मुद्दे असतील, तर तोच अपिलाचा पहिला आधार करा. मंजुरीतल्या अटींची प्रतही काढा. पाणी किती उचलायचं आणि उन्हाळ्यात ओढ्यात किती सोडायचं याची अट त्यात नसेल, तर ती घालावी ही पर्यायी मागणी अपिलात वेगळी लिहा. मंजुरी टिकली तरी ती मागणी स्वतंत्रपणे ऐकली जाऊ शकते.